सोलापूरचे आंदण

आपल्या भाषेत ‘शिष्टाई’ म्हटले की पहिली आठवण होते ती कृष्णाची आणि दुसरी अंगदाची. गंमत अशी की या दोन्ही शिष्टाया फसलेल्या आहेत. एकाने पाच गावे मागितली आणि सुईच्या टोकाएवढी मातीही पदरात पडली नाही. दुसऱ्याने रावणाच्या दरबारात पाय रोवला आणि त्या पायाचे कौतुक आजवर चालू आहे, पण युद्ध काही टळले नाही. साधलेल्या शिष्टाईची कथा होत नाही, हेच खरे. भांडण मिटले, दोन्हीकडची माणसे एका पंगतीला जेवून उठली, आणि ज्याने ते मिटवले तो अंधारात आपल्या वहाणा शोधीत अंगणात उभा राहिला, एवढ्यावर कोण कीर्तन करणार? ज्या लढाईत कुणी पडले नाही, तिचा पोवाडा रचायला शाहीर तरी कुठून मिळणार?

म्हणूनच की काय, या विस्मृत मध्यस्थांविषयी मला फार कुतूहल आहे. त्यातही माणसांपेक्षा राज्यांविषयी अधिक. दोन दांडग्या शेजाऱ्यांच्या मध्ये एखादे बेताचे राज्य असते. त्याच्यापाशी सैन्य थोडे, खजिना थोडा. पण दोघांच्याही घरात त्याचे जाणे-येणे असते. ते आवाज न करता इकडचा निरोप तिकडे नेते, तिकडचा राग वाटेतच सांडून येते, आणि एक दिवस दोघांना एका गालिच्यावर बसवते. हे कसे जमते? आणि जमल्यावर पुढे काय होते? हा दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. मी विचारतो, त्याला कारण आहे. ते ओघाने सांगेन.

मी जिंतूरचा. जवळच नेमगिरीच्या टेकडीत जैन लेणी आहेत, आणि त्या टेकडीवरून खाली पाहिले म्हणजे या मुलुखात राज्य करण्यासारखे काय होते असा प्रश्न कुणालाही पडावा. काळी जमीन, ज्वारी, कापूस, ओढे, आणि पलीकडे पूर्णा. पण राज्ये मात्र इथून पुष्कळ गेली. वऱ्हाडची इमादशाही, नगरची निजामशाही, मोगल, मग हैदराबादचा निजाम. १९४८ च्या सप्टेंबरात भारत, १९५६ साली मुंबई राज्य आणि १९६० साली महाराष्ट्र. गाव जागचे हलले नाही. राजधान्या मात्र पाहुण्यांसारख्या आल्या आणि गेल्या. अशा गावात राहणाऱ्या माणसाला इतिहास वाचताना एक खोड लागते. तो तहाच्या कलमात राजांची नावे पाहत नाही. आपला मुलूख कुणाच्या पदरात टाकला ते आधी शोधतो.

बहमनी राज्य मोडले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची पाच शकले झाली, हे आपण शाळेत घोकलेले आहे : विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बीदर आणि वऱ्हाड. शाळेत जे घोकले नाही ते असे की या पाचांतली दोन घराणी मुळात आपल्याच मातीतली होती. वऱ्हाडचा पहिला सुलतान फतहुल्ला इमादशाह हा जन्माने विजयनगरच्या मुलखातला हिंदू. मुलगा असतानाच कैद होऊन इकडे आलेला. नगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. जिंतूरहून सेलूमार्गे ज्या पाथरीला आपण एस.टी.ने जातो, तीच ही पाथरी!

आता फाळणीत ही पाथरी वऱ्हाडकडे आली. नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला वाटले की आपल्या वाडवडिलांचे गाव आपल्याकडे असावे. त्याने वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशहाला निरोप धाडला, की पाथरी द्या आणि बदल्यात दुसरा मुलूख घ्या. अलाउद्दीनने नकार दिला आणि गावाची तटबंदी पक्की करायला घेतली. मग १५१८ साली बुऱ्हाणने पाथरी लढून घेतली. पुढे गोवळकोंड्याच्या मदतीने वऱ्हाडने ती परत मिळवली; बुऱ्हाणने पुन्हा घेतली आणि यावेळी किल्लाच पाडून टाकला. अलाउद्दीन बिचारा गुजरातच्या बहादूरशहाकडे धावला. बहादूरशहा आला खरा, पण आला तो धनी होऊन. भांडणाऱ्या दोघांनाही त्याच्या नावाचा खुतबा वाचावा लागला. घरातला तंटा मिटवायला गावाबाहेरचा पैलवान बोलावला की तो जेवून जात नाही, राहून जातो, ही म्हण कुणी केली नसेल तर ती वऱ्हाडच्या दफ्तरातून उचलावी.

पाथरीचे हे, तर सोलापूरचे त्याहून मोठे. विजापूर आणि नगर यांच्या मध्ये सोलापूरचा किल्ला होता, आणि त्याच्यावर दोघांचाही डोळा. १५२४ च्या सुमारास दोन्ही सुलतान सोलापूरला भेटले. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली आणि सोलापूर तिला आंदण द्यायचे ठरले. निदान तसे वचन विजापूरच्या असदखानाने दिले होते, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. लग्न झाले, वाजंत्री थांबली, आणि नगरकरांनी किल्ला मागितला. विजापूरकर म्हणाले, कसला किल्ला? आम्हाला काही ठाऊक नाही! वाचकहो, लग्नात ठरलेले आंदण न दिल्यामुळे सासर-माहेर तुटल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात असतील. पण इथे त्यापायी जवळजवळ चाळीस वर्षे फौजा एकमेकींवर धावत होत्या.

असली भांडणे मिटतात कशी, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. येलदरीला पूर्णेवर धरणाचे काम चालू होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचे शेत जिथे आहे तिथे वरच्या अंगाला दोन मोठ्या खटल्यांची शेते एकमेकांना लागून होती, आणि मधल्या बांधावर एक बाभूळ. बाभूळ कुणाची, यावरून बांध कुणाचा, आणि बांध कुणाचा यावरून परभणीच्या कोर्टात तारखा. दोन्ही घरे तालेवार. मध्ये पडायला कुणी धजेना. पडले ते आमचे शिंपीकाका. त्यांना ना शेत ना बांध. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस एका घरच्या ओसरीवर मशीन मांडीत आणि पुढचे पंधरा दिवस दुसऱ्या घरच्या. दोन्ही घरांतल्या लहानथोरांची मापे त्यांना तोंडपाठ होती. आणि मापे घेता घेता माणूस जे बोलतो ते वकिलापुढेही बोलत नाही.

शिंपीकाकांनी काय केले, तर फार थोडे केले. इकडे ऐकलेला शिव्यांचा भाग ते तिकडे जाईपर्यंत विसरत. उलट एखादा बरा शब्द कुणाच्या तोंडून चुकून निघाला, तर तो मात्र जपून नेत. “म्हातारे परवा म्हणत होते, त्यांचा पोरगा शिकला हे चांगलं झालं,” एवढेच. वर्ष-दीड वर्षाने एका घरची मुलगी दुसऱ्या घरी दिली गेली, आणि तंट्यातली ती पट्टी बाभळीसकट मुलीच्या नावाने आंदण गेली. जिंकले कुणीच नाही आणि हरलेही कुणी नाही. जमीन दिली ती शेजाऱ्याला नव्हे, लेकीला; आणि लेकीला देताना कुणाच्या बापाचे नाक कापले जात नाही. शिंपीकाकांना एक धोतरजोडी मिळाली, आणि लग्नाचे सगळे शिवणकाम उधारीवर!

पुढे मोठेपणी दख्खनचा इतिहास वाचताना गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह भेटला, तेव्हा मला एकदम शिंपीकाका आठवले. गोवळकोंडा काही चिमुकले राज्य नव्हते. पण विजापूर आणि नगर या दोघांपुढे ते धाकटेच, आणि दक्षिणेकडे विजयनगरचे अवाढव्य साम्राज्य. इब्राहिमला सगळ्यांच्या घरची मापे माहीत होती. भावाच्या भीतीने १५४३ साली तो पळाला आणि सात वर्षे विजयनगरला रामरायाच्या आश्रयाला राहिला. तिथून परतून १५५० साली तो गादीवर बसला. तेलुगू कवींना त्याने इतके जवळ केले की त्यांनी त्याचे नावच आपल्या वळणाचे करून टाकले. हुसेन निजामशहाची एक मुलगी त्याला दिलेली होती, म्हणजे नगरचा तो जावई. आणि जेव्हा रामराया, विजापूर आणि गोवळकोंडा या तिघांनी मिळून नगरला वेढा घातला, तेव्हा हा गृहस्थ वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत बसून आतल्यांशी गुपचूप पत्रव्यवहार करीत होता, असे फिरिश्ता लिहितो! याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. पण नगर पडले तर विजापूर इतके वाढेल की उद्या आपली पाळी येईल, हे त्याला दिसत होते. धाकट्याला तोल सांभाळावा लागतो. तो त्याचा धर्म नव्हे, श्वास असतो.

हा वेढा आणि त्यानंतरच्या मोहिमा यांनी रामराया फार प्रबळ झाला. दख्खनच्या सुलतानांना आपापसात झुंजवायचे आणि प्रत्येक तहात स्वतः सरपंच व्हायचे, ही त्याची रीत. तेव्हा इब्राहिमने आपला मुत्सद्दी मुस्तफाखान अर्दिस्तानी याला आधी नगरला आणि मग विजापूरला पाठवले. काम अवघड होते. विजापूरचा अली आदिलशाह कालपर्यंत रामरायाला घेऊन नगरवर चालून गेलेला. हुसेन निजामशहाला रामरायाच्या तंबूत जाऊन त्याच्या हातचा विडा घ्यावा लागलेला. तरी मुस्तफाखानाने गाठ मारली, आणि ती कशाने? त्याच जुन्या सोलापूरने. हुसेनची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला द्यायची आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण. अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला करायची. चाळीस वर्षांपूर्वी जे आंदण विजापूरने नगरला द्यायचे नाकारले, तेच आता नगरने विजापूरला दिले. किल्ला हरला असता तर हुसेनला झोप आली नसती. लेकीला दिला म्हणून आली. १५६४ साली दोन्ही लग्ने झाली. इतकी चोख, इतकी अबोल शिष्टाई आपल्या इतिहासात दुसरी झाली असेल असे मला वाटत नाही.

या लग्नांत एक वऱ्हाड मात्र आले नव्हते. विनोद करीत नाही. वऱ्हाडचे राज्य खरोखरच या जुटीत नव्हते. त्याचे कारण असे. मागच्या वेढ्यात वऱ्हाडचा सरदार जहांगीरखान नगरच्या मदतीला गेला होता, आणि त्याने शत्रूची रसद इतकी कापली की रामराया चिडला. तह करायची वेळ आली तेव्हा रामरायाने ज्या अटी घातल्या, त्यांत एक अशी होती की या जहांगीरखानाला ठार करावे. हुसेन निजामशहाने ती अट मानली. मदतीला आलेल्याचे डोके यजमानाने दिले! लहान राज्याच्या अंतःकरणावर अशा गोष्टी कायमच्या कोरल्या जातात. वऱ्हाड घरी बसले, त्याला मी तरी भ्याडपणा म्हणणार नाही.

२३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णाकाठी ती लढाई झाली, जिला कुणी तालिकोटची म्हणतात, कुणी राक्षसतंगडीची. रामरायाचे डोके उडाले, आणि विजयनगरसारखे शहर महिनोन्‌महिने लुटले गेले. ज्या घराने इब्राहिमला सात वर्षे भाकर दिली, त्या घराचा तो शेवट. आणि त्या शेवटाची मांडवपरतणी त्याच्याच शिष्टाईने आखलेली. बरे, जुळवलेली सोयरीक तरी टिकली का? काही वर्षांतच नगर आणि विजापूर यांनी आपसात वाटणी ठरवली, की विजापूरने दक्षिणेचा मुलूख घ्यावा आणि नगरने वऱ्हाड आणि बीदर. म्हणजे ज्यांचे भांडण मिटले त्यांनी मिळून पहिली नजर टाकली ती धाकट्या शेजाऱ्यांवर. १५७४ साली मुर्तझा निजामशहाने वऱ्हाड गिळले. इमादशाहीचा शेवटचा बाल सुलतान आणि त्याच्या नावाने राज्य बळकावून बसलेला तुफालखान, दोघांचाही कैदेत अंत झाला. आमच्या मुलुखाची पहिली राजधानी अशी गेली.

आता मघाशी म्हटलेले कारण सांगतो. वरच्या अंगाची ती दोन घरे सोयरी झाली, आणि एकदिलाने त्यांनी पहिली गोष्ट केली ती ओढ्यावर मातीचा बांध घालण्याची. भांडत होते तोवर दोघांनाही तो घालता आला नसता. एकाने घातला तर दुसरा रातोरात फोडता. आता कोण फोडणार? पाणी वर अडले, आणि खालच्या अंगाला जे शेत होते त्याच्या गव्हाचे पाणी तुटले. ते शेत आमचे. गावात सगळीकडे सलोख्याचे पेढे वाटले जात होते आणि आमच्या घरात आई धान्याची कणगी वाकून पाहत होती.

वडील शिंपीकाकांकडे गेले. मी बरोबर होतो. वडील म्हणाले, “काका, दोघांना जोडलंत, फार चांगलं केलंत. आता आम्ही कुणाकडं बघावं?” काकांनी मशीन थांबवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी दोन पदर शिवले, तिसरा खाली लोंबतोय हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.” दुसऱ्या दिवशी ते त्या दोन्ही घरी गेले, यावेळी मशीन न घेता. आठवड्यातून एक रात्र बांधाची मोरी उघडायची, एवढे त्यांनी मिळवले. पण त्याची किंमत त्यांनी मोजली. एका घराने पुढची दोन दिवाळ्या त्यांना ओसरीवर बसू दिले नाही. कपडे परभणीहून शिवून आणले. काकांनी त्याची वाच्यता कुठेही केली नाही.

इब्राहिम कुतुबशाह आणि शिंपीकाका यांच्यात माझ्या लेखी फरक पडतो तो इथे. दोघांनीही दोन वैरी जोडले. दोघांनीही आवाज केला नाही. दोघांनाही दुसऱ्याची अब्रू राखून देण्याघेण्याची कला साधली होती. पण एकाने गाठ मारली ती तिसऱ्याच्या गळ्याभोवती. आणि दुसरा तिसऱ्यासाठी पुन्हा उंबरा चढला, पहिल्यांदा मिळालेली मर्जी खर्चून. सलोखा म्हणजे दोघांचे भांडण मिटणे नव्हे. दोघांच्या सलोख्याखाली तिसरा चिरडला न जाणे, हा त्याचा अर्धा भाग आहे.

जुन्या पोथ्यांतच हे सापडते असे नाही. १९६२ च्या डिसेंबरात सिरिमावो बंदरनायके यांनी कोलंबोला सहा देशांची परिषद भरवली. भारत-चीन लढाई नुकतीच थांबली होती. श्रीलंकेसारख्या बेटाने या दोन प्रचंड देशांना काय सांगावे? तरी त्या बाई पेकिंगला गेल्या, दिल्लीला आल्या. भारताने ते प्रस्ताव स्वीकारले. चीनने तत्त्वतः मान्य करून पुढे पाचर मारली, आणि बोलणी काही झाली नाहीत. तरीही ‘धाकट्यांनी मध्ये पडायचे नाही’ हा नियम त्या दिवशी मोडला गेला. १९८० साली बांगलादेशाचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी शेजाऱ्यांना पत्रे पाठवली. त्यांतून १९८५ च्या डिसेंबरात ढाक्याला ‘सार्क’ जन्मली. १९८७ पासून तिची कचेरी काठमांडूला. दोन मोठ्यांची घरे सोडून ती नेपाळच्या ओसरीवर मांडली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. सनदेत एक कलम असेही घातले, की निर्णय एकमताने व्हावेत आणि दोघांमधले वाद या बैठकीत काढू नयेत. शिंपीकाकांचेच धोरण! ते पुरले नाही, हेही खरे. २०१४ च्या काठमांडूच्या बैठकीनंतर २०१६ ची इस्लामाबादची बैठक भरलीच नाही. पण मालदीव आणि भूतान यांना भारत-पाकिस्तानच्या बरोबरीने एका मेजाशी खुर्ची मिळाली, आणि ती खुर्ची कुणाचे डोके देऊन मिळवलेली नव्हती.

राहता राहिली ती सोलापूरबरोबर दिलेली मुलगी. लग्नाच्या वेळी चांदबीबीला कुणी विचारले असेल असे वाटत नाही. तहाचे एक कलम म्हणून ती विजापूरला गेली. पुढे विधवा होऊन माहेरी आली, आणि १५९५ च्या अखेरीस मोगलांनी नगरला वेढा घातला तेव्हा ती तटावर उभी राहिली. तिने विजापूर आणि गोवळकोंडा दोघांनाही हाक घातली. दोघांच्याही फौजा निघाल्या. बापाच्या आणि नवऱ्याच्या घरांमधला तो सांधा बत्तीस वर्षांनी तिच्याच हाती कामाला आला. नगर त्या वेळी वाचले. मात्र तहात मोगलांना काय दिले? वऱ्हाड! मग पाथरी वऱ्हाडात मोडते की नाही यावर पुन्हा वाद झाला, आणि १५९७ च्या आरंभी गोदावरीच्या खोऱ्यात, पाथरीच्याच टापूत, तिन्ही दख्खनी राज्यांच्या फौजा एकत्र उभ्या राहिल्या. समोर मोगलांचा खानखानान अब्दुर रहीम, ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात वाचले तोच. तिघे एका बाजूने लढले आणि हरले. ज्या वऱ्हाडच्या नावाने हे सारे चालले होते, ते राज्य तेव्हा नकाशावर नव्हते. तेवीस वर्षांपूर्वीच नगरने ते मिटवून टाकले होते.

कुठल्याशा दोन देशांनी हस्तांदोलन केल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, तेव्हा मला आनंद होतो. तो खोटा नसतो. मध्ये उभ्या असलेल्या, कडेने अर्धा कापला गेलेल्या एखाद्या लहान देशाच्या मंत्र्याकडे मी आदराने पाहतो. आणि मग कपाटातला नकाशा काढून, त्या दोघांच्या खालच्या अंगाला कुणाचे शेत आहे ते बोटाने शोधू लागतो.